फर्ग्युसन: नशीब किती, कसब किती?
26 मे 1999, बार्सिलोना. फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिक सहाव्या मिनिटापासून पुढे होतं. शेवटच्या टप्प्यात त्यांचा एक फटका खांबाला लागला, एक आडव्या दांडीला. त्यातला एक जरी आत गेला असता, तर मँचेस्टर युनायटेडचा खेळ तिथंच आटोपला असता. हे निव्वळ नशीब, मान्य! पण भरपाईच्या वेळेत गोल करणारे शेरिंगहॅम आणि सोल्शायर हे दोघंही बदली खेळाडू होते. त्यांना मैदानात उतरवलं होतं युनायटेडचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी.

एका रात्रीचं यश नशिबावर ढकलता येतं. युनायटेडमधल्या 26 वर्षांचं कसं ढकलणार? युनायटेडमध्ये येण्याआधीच, 1983 मध्ये, त्यांनी स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनला रेआल माद्रिदवर मात करून युरोपियन कप विनर्स कप जिंकून दिला होता. 1995 मध्ये इन्स, ह्यूज, कांचेल्स्किस असे नावाजलेले खेळाडू त्यांनी सोडले आणि बेकहॅम, स्कोल्स, नेव्हिल बंधू या पोरांवर भिस्त ठेवली. त्याच मोसमात लीग आणि एफए कप, दोन्ही युनायटेडकडे आले.

त्यांचं खरं भाग्य वेगळंच. 1986 मध्ये सूत्रं घेतल्यावर साडेतीन वर्षं एकही मोठा करंडक नव्हता, तरी क्लबनं त्यांना काढलं नाही. आज कोणता मालक इतका थांबेल?

2013 मध्ये युनायटेडबरोबरचं तेरावं लीग विजेतेपद मिळवून ते निवृत्त झाले. जवळपास त्याच खेळाडूंच्या युनायटेडनं पुढचा मोसम सातव्या क्रमांकावर संपवला.