कोरड्या प्रदेशातील खाऱ्या पाण्यावरील उद्योग : लाभ-हानीचे मूल्यमापन

प्रस्तावना

नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबईच्या दिशेने सुमारे ४५ किलोमीटर गेल्यास इगतपुरी लागते. तेथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच चौकापासून पूर्वेस सुमारे ८५ किलोमीटरवर असलेल्या येवल्यात हे प्रमाण ५०० मिलिमीटरच्या आसपास येते. पर्जन्यछायेचा हा पट्टा पुढे मराठवाडा व विदर्भात पसरत जातो. अशा प्रदेशात शेतीस व उद्योगास पाणी कोठून आणावयाचे, हा विकासाच्या अर्थशास्त्रातील जुना प्रश्न आहे. त्याला मिळणाऱ्या उत्तरांपैकी एक असे की, जे खारे पाणी पिण्यास व शेतीस निरुपयोगी ठरते तेच उद्योगाचे साधन मानावे. मीठ, सोडा, कोळंबी अशी त्याची उत्पादने होत.

वरवर पाहता हा विचार निर्दोष वाटतो. निरुपयोगी पाणी व पडीक जमीन यांतून उत्पन्न मिळत असेल तर हानी कोणाची, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. प्रस्तुत लेखात लोणार, सांभर व पूर्णा खोरे या तीन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. अशा उद्योगाच्या जमाखर्चात रुपयांबरोबरच मिठाचाही ताळेबंद मांडावा लागतो, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

मिठाचा ताळेबंद म्हणजे काय?

पाण्याचे बाष्पीभवन होते, मिठाचे होत नाही. भरपूर पावसाच्या प्रदेशात जमिनीवर आलेले क्षार पाण्याबरोबर नदीत व नदीतून समुद्रात जातात. कोरड्या प्रदेशात पाऊस अपुरा व बाष्पीभवन अधिक असल्याने ते मागे साठून राहतात. म्हणून येथे खारे पाणी उपसणाऱ्या प्रत्येक उद्योगाबाबत एक साधी चौकशी आवश्यक ठरते : वर आलेले मीठ उत्पादनाबरोबर प्रदेशाबाहेर जाते की तेथेच केवळ जागा बदलते? पहिल्या प्रकारच्या उद्योगात मीठ हेच उत्पादन असते. दुसऱ्या प्रकारात उत्पादन विकले जाते आणि मीठ शेजाऱ्याच्या शेतात, विहिरीत वा नदीत उतरते.

लोणार : क्षार हेच उत्पादन

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे बेसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेले विवर होय. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्यातून एकही प्रवाह बाहेर पडत नाही. झरे व ओढे यांचे पाणी आत येते, वाफ होऊन जाते व क्षार मागे राहतात. त्यामुळे पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. येथील क्षारांपासून काच व साबण यांसाठी लागणारे पदार्थ मिळतात व त्यांतून महसूल येतो, अशी नोंद ‘आईन-इ-अकबरी’त आढळते. पुढे निजामाच्या व इंग्रजांच्या काळातही उन्हाळ्यात काठावर साचणारा सोडा गोळा केला जाई. दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रतींची स्थानिक नावे होती.

हा व्यवसाय पहिल्या प्रकारात मोडतो. क्षार प्रदेशाबाहेर जात, उपसा हंगामी असे आणि सूर्याच्या उष्णतेखेरीज अन्य ऊर्जा लागत नसे. स्वस्त कारखानी सोड्यापुढे तो टिकला नाही. आज मात्र लोणारचे मूल्य वेगळ्या खात्यात जमा आहे. १९७९ मध्ये त्यास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला, २००० मध्ये परिसर अभयारण्य झाला आणि २०२० मध्ये सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला. त्याच वर्षी जून महिन्यात पाणी गुलाबी झाले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. जे क्षार एके काळी विक्रीचा माल होते, त्यांच्यावरच आता एक दुर्मीळ जीवसृष्टी, संशोधन व पर्यटन अवलंबून आहे. म्हणजेच एकाच क्षाराचे आर्थिक मूल्य काळानुसार बदलते. आजच्या बाजारभावाने केलेला हिशोब उद्यासाठी अपुरा ठरतो.

सांभर : उपशाची मर्यादा

राजस्थानातील सांभर हे देशातील सर्वांत मोठे अंतर्देशीय खाऱ्या पाण्याचे सरोवर. १८७० मध्ये इंग्रज सरकारने जयपूर व जोधपूर संस्थानांकडून ते भाडेपट्ट्याने घेतले व मिठाचे उत्पादन संघटित केले. येथेही मीठ प्रदेशाबाहेर जाते. तथापि सरोवरात पाणी आणणाऱ्या नद्यांवर बंधारे झाले आणि खासगी कूपनलिकांनी पात्रालगतचे खारे पाणी बेसुमार उपसले. परिणामी १९९० पासून रामसर यादीत असलेले हे सरोवर आक्रसत गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये येथे हजारो स्थलांतरित पक्षी दगावले. त्याचे कारण पक्ष्यांना होणारी बोट्युलिझम ही विषबाधा असल्याचे तपासणीत आढळले. या घटनेचा सारा दोष मीठ उद्योगावर टाकणे शास्त्रीय ठरणार नाही. मात्र त्यावरून एक गोष्ट ध्यानात येते : मीठ बाहेर जाणे ही आवश्यक अट असली तरी पुरेशी अट नाही. खाऱ्या पाण्याच्या साठ्यालाही पुनर्भरणाची मर्यादा असते.

अंतर्देशीय कोळंबी : आशा व आकडे

अलीकडच्या काळात खाऱ्या भूजलावरील कोळंबी संवर्धनाकडे लक्ष वेधले गेले आहे. व्हॅनामी जातीच्या कोळंबीस भारतात २००९ मध्ये परवानगी मिळाली. मुंबईतील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेने हरियाणातील आपल्या रोहतक केंद्रात अशा पाण्यावर प्रयोग केले आणि हरियाणा, पंजाब व राजस्थानात हा व्यवसाय रुजला. भूजलात समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत पोटॅशियम कमी असल्याने ते वरून द्यावे लागते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून २०२० पासून अशा तळ्यांना अर्थसाहाय्य मिळू लागले. सर्वसाधारण लाभार्थ्यांस ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांस ६० टक्के असे त्याचे प्रमाण ठरले.

आता मिठाचा हिशोब पाहू. एक हेक्टर तळे, १.२ मीटर खोल पाणी आणि लिटरमागे १० ग्रॅम क्षार असे मानल्यास तळ्यात १२,००० घनमीटर पाणी व १२० टन मीठ असेल. चार महिन्यांच्या हंगामात दररोज ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरल्यास तूट भरून काढण्यासाठी आणखी ६,००० घनमीटर पाणी घ्यावे लागेल आणि त्यासोबत ६० टन मीठ येईल. एका हेक्टरवर एका हंगामात १८० टन, म्हणजे दहा टनी १८ मालमोटारी भरतील इतके मीठ भूगर्भातून वर येते. कोळंबीबरोबर त्यातील नगण्य भाग बाहेर जातो. हा उद्योग दुसऱ्या प्रकारचा आहे, हे येथे स्पष्ट होते.

पूर्णा खोरे : निर्णयाची जागा

तापीची उपनदी असलेल्या पूर्णेच्या दोन्ही काठांवर अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. सुमारे ९०० गावे त्यात येतात. येथील विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढले जाई. आज अनेक गावांचे पिण्याचे पाणी दूरच्या धरणांवरून नळाने आणावे लागते. अशा प्रदेशास हरियाणाचे उदाहरण दाखविले जाणे स्वाभाविक आहे. परंतु दोन्हींत मूलभूत फरक आहे.

हरियाणात कालव्यांच्या पाण्याने भूजल वर येऊन अनेक शेते पाणथळ व खारी झाली. तेथे जमीन आधीच लागवडीबाहेर गेलेली असते. तळ्यासाठी ती दिल्याने होणारा त्याग अल्प असतो आणि उपशाने भूजलपातळी खाली जाण्यास मदतही होऊ शकते. पूर्णा खोऱ्यातील जमीन मात्र पडीक नाही. खारे आहे ते भूजल. वरची खोल काळी जमीन पावसाच्या पाण्यावर कापूस, तूर, मूग व हरभरा देते. हे पाणी तळ्यातून झिरपले किंवा शेजारच्या शेतात शिरले, तर निचरा मंद असलेल्या या मातीत सोडियम साचून ती चोपण होते. नदीत सोडल्यास ते चांगदेवजवळ तापीत व पुढे हतनूर जलाशयात पोहोचते. लाभ तळेमालकाचा आणि भार खालच्या गावांचा, अशी ही विभागणी होय.

किनारपट्टीवर देशाने हा अनुभव घेतला आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेच्या अहवालाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी कोळंबी तलावांबाबत दिलेल्या निकालात प्रदूषणकर्त्याने भरपाई देण्याचे तत्त्व लागू केले. पुढे २००५ मध्ये किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा झाला. परंतु त्याची कक्षा किनारी क्षेत्रापुरती आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेली तळी त्या व्याख्येत बसत नाहीत. अर्थसाहाय्य अंतर्देशीय भागात पोहोचले, त्या कायद्याचे संरक्षण मात्र किनाऱ्यावरच राहिले.

मूल्यमापनाचे निकष

वरील विवेचनावरून अशा प्रकल्पाच्या मूल्यमापनासाठी पुढील निकष सुचविता येतील.

१. वर येणाऱ्या मिठाचे एकूण वजन व त्याचे अंतिम ठिकाण प्रकल्प अहवालात नमूद असावे.

२. जमिनीचे आजचे उत्पन्न मोजावे. भूजल खारे म्हणून जमीन पडीक, असे गृहीत धरू नये.

३. तळ्यास अस्तर, पाण्याचा पुनर्वापर व शेवटी उरणाऱ्या क्षारांसाठी बंदिस्त बाष्पीभवन-कुंड यांचा खर्च उद्योगाच्या खर्चातच धरावा. हा खर्च धरल्यावर नफा उरत नसेल, तर मुळातला नफा शेजाऱ्यांकडून घेतलेली उसनवारी होता, असे म्हणावे लागेल.

४. लगतच्या विहिरी व शेतजमिनी यांची क्षारता प्रकल्पापूर्वी व नंतर नियमित मोजावी आणि त्या नोंदी ग्रामसभेपुढे ठेवाव्यात.

५. पर्यायांशी तुलना करावी. खारपाणपट्ट्यात पावसाचे गोडे पाणी साठविणारी शेततळी हा असा पर्याय आहे. त्यातून रब्बीच्या हरभऱ्यास एखादे संरक्षित ओलित देता येते व मातीत मिठाची भर पडत नाही.

समारोप

खाऱ्या पाण्यावरील उद्योग सरसकट त्याज्य नाहीत. लोणारच्या सोड्याने शतकानुशतके लोकांना रोजगार दिला आणि हरियाणातील पाणथळ शेतांना कोळंबीने उत्पन्नाचा मार्ग दाखविला. मात्र एका ठिकाणचे यश दुसरीकडे नेताना तेथील माती, निचरा व जमिनीचा चालू उपयोग तपासणे अनिवार्य आहे. नीरा, प्रवरा व गोदावरी कालव्यांच्या लाभक्षेत्रातील चोपण झालेल्या जमिनी हा महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव आहे. पाणी आले तेव्हा क्षारांचा विचार झाला नाही आणि त्याची किंमत पुढच्या पिढीतील शेतकऱ्यांनी मोजली. पूर्णा खोऱ्यात तो विचार उपसा सुरू होण्यापूर्वी करणे अद्याप शक्य आहे. भूगोल, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र व वनस्पतिशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे गावपातळीवर क्षारतेची मोजणी हाती घेतल्यास त्या निर्णयास आवश्यक असलेली आधारभूत माहिती उपलब्ध होऊ शकेल.