वैष्णवीची वेलांटी

उजनी जलाशयाच्या काठी, करमाळा तालुक्यात, केत्तूर नावाची दोन गावं आहेत : नंबर १ आणि नंबर २. तिथल्या आशाताईंचा यात कधी घोटाळा होत नाही. संगणकाला मात्र ‘केत्तूर १’, ‘केत्तूर नं. १’ आणि नुसतं ‘केत्तूर’ ही तीन निराळी गावं वाटतात. एरवी हे खपून जातं. जुन्या प्रणालीतल्या नोंदी नव्या प्रणालीत न्यायची वेळ आली की अडतं.

आरोग्याच्या नोंदी बहुधा तक्त्यांत साठवतात. ही पद्धत आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. एका तक्त्यात नाव-गाव, दुसऱ्यात तपासण्या, तिसऱ्यात औषधं, आणि या सगळ्यांना बांधणारा धागा म्हणजे रुग्णाचा क्रमांक. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस या साऱ्या प्रणाली याच तत्त्वावर चालतात. सवयी मात्र ज्याच्या त्याच्या.

‘वैष्णवी’ हेच नाव घ्या. काना-मात्रा, हलन्त धरून संगणकाच्या हिशेबी त्यात सात चिन्हं आहेत. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण एकवीस. नव्या प्रणालीत रकाना वीस बाइटांचा ठेवला असेल तर शेवटची वेलांटी बसत नाही. काही प्रणाली तिथे थांबून तक्रार करतात. काही गुपचूप कापून पुढे जातात, आणि बाळंतिणीच्या नोंदीत ‘वैष्णव’ उरतो!

क्रमांकांची गत याहून वाईट. नोंदी नेताना मधला मुक्काम म्हणून पुष्कळदा एक्सेल वापरतात. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधराच अंक जपतं. पुढच्यांची शून्यं करतं. अठरा अंकी क्रमांक असेल, तर शेवटच्या तीन अंकांनीच वेगळ्या ठरणाऱ्या साऱ्या गरोदर बायका एका क्रमांकाच्या होतात. मग हिचं हिमोग्लोबिन तिच्या नावावर. यावर उपाय साधा आहे : क्रमांक हा संख्या म्हणून नव्हे, मजकूर म्हणून न्यायचा.

डॉक्टर म्हणून मला सर्वांत धास्ती वाटते ती रिकाम्या रकान्याची. पेनिसिलिनची ॲलर्जी ‘नाही’ असणं वेगळं आणि ‘विचारलंच नाही’ हे वेगळं. कोरा मजकूर आणि ‘माहिती नाही’ यांत ओरॅकल भेद करत नाही, पोस्टग्रेस करतं. स्थलांतर करणाऱ्याने नीटनेटकेपणाच्या हौसेने सगळ्या रिकाम्या जागी ‘नाही’ भरलं, तर ते इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरला दिलेलं खोटं आश्वासन आहे.

रक्तगटाचंही तसंच. जुन्या यादीत ४ म्हणजे ओ निगेटिव्ह आणि नव्या यादीत ४ म्हणजे बी पॉझिटिव्ह असेल, तर एकही ओळ न हरवता अर्थ बदलतो. आरएच निगेटिव्ह आईचं बाळ पॉझिटिव्ह निघालं, तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी द्यावं लागतं. ते राहिलं तर पुढच्या गर्भाला धोका. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. करमाळ्यात नाव नोंदवलेली मुलगी जलाशयापलीकडे इंदापूरला बाळंत होते. तिथला डॉक्टर पडद्यावर दिसेल तेच वाचणार.

‘जुन्यात इतक्या ओळी, नव्यात तितक्याच, काम फत्ते,’ हा अहवाल मला पुरेसा वाटत नाही. शे-दोनशे नोंदी काढून एएनएम सिस्टरांच्या रजिस्टरशी ताडाव्यात, आणि त्या निवडताना जोडाक्षरांची नावं, निगेटिव्ह रक्तगट, ॲलर्जीच्या नोंदी मुद्दाम घ्याव्यात. जुना क्रमांक नव्या नोंदीत वेगळ्या रकान्यात राहू द्यावा. आणि हा ताळा होईपर्यंत जुनी प्रणाली, निदान वाचण्यापुरती तरी, चालू ठेवावी.

तुमच्या घरी कुणी गरोदर असेल तर माता-बाल संरक्षण कार्डावर रक्तगट आणि ॲलर्जी लिहिली आहे का, आज पाहून घ्या. माहेरी जाताना ते कार्ड पिशवीत वरच ठेवा.