होडीच्या तळावरील विष

पावसाळ्याच्या तोंडी कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, हे आपण पाहिलेले असते; पाश्चात्त्य देशांतील मरीना नामक क्रीडानौकांच्या बंदरांतही वर्षाकाठी एकदा तरी नौका क्रेनने उचलून जमिनीवर घेतात आणि तिच्या तळाला चिकटलेले शेवाळ, शिंपले व बार्नॅकल जोरदार फवाऱ्याने धुऊन काढतात. या निरुपद्रवी दिसणाऱ्या कामावर परवान्यांचा आणि दंडाचा एवढा बंदोबस्त कशासाठी, असा प्रश्न कोणासही पडावा. मात्र जीवजंतूंनी तळावर वस्ती करू नये म्हणून तिथे जो विषारी रंग मुद्दाम दिलेला असतो, त्याचेही कण त्या पाण्याबरोबर सुटत असतात, आणि सारे नियम मुख्यतः त्या कणांसाठी आहेत.

या विषाचा पहिला मोठा फटका फ्रान्सला बसला. अटलांटिक किनाऱ्यावरील आर्काशोंचा उपसागर कालवांच्या शेतीसाठी प्रसिद्ध, आणि क्रीडानौकांनीही गजबजलेला. तेथे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कालवांची पिल्ले धरेनाशी झाली, आणि वाढलेल्या कालवांच्या शिंपा विचित्र जाड होऊन त्यांच्यात चिकट द्रवाने भरलेले कप्पे पडू लागले. शोधाअंती दोष गेला तो ट्रायब्युटिल-टिन या कथिलाच्या संयुगाकडे, ज्याचा अंश लिटरभर पाण्यात ग्रॅमच्या अब्जांशाइतका असला तरी काही सागरी गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटतात. फ्रान्सने १९८२ साली पंचवीस मीटरांहून लहान नौकांवर या रंगाची मनाई केली, ब्रिटनने १९८७ साली तोच मार्ग धरला. पण जगभरच्या जहाजांना लागू होणारा करार २००१ साली होऊन तो अमलात यायला २००८ साल उजाडले. कालवांचे मालक ओरड करतात तेव्हा सरकार हलते, बिनमालकाच्या गोगलगायींसाठी मात्र इतकी घाई कोणी करीत नाही, असे म्हणावेसे वाटते.

कथिलाच्या जागी तांबे आले. तेही जीवघेणेच, म्हणून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात नौका दुरुस्तीच्या आवारांना असा दंडक आहे की, फवाऱ्याचे पाणी समुद्रात वा नाल्यात जाता कामा नये. ते बंदिस्त फरशीवर गोळा करून, गाळून पुन्हा वापरावे अथवा परवानगी घेऊन सांडपाण्याच्या व्यवस्थेत सोडावे. रंग घासताना धूळ खेचून घेणारी यंत्रेच वापरावी लागतात.

तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सॅन डिएगोच्या शेल्टर आयलंड येथील नौकाबंदरातील विरघळलेल्या तांब्याचा शासकीय हिशेब असा निघाला, की सुमारे ९३ टक्के तांबे नुसत्या पाण्यात उभ्या असलेल्या नौकांच्या रंगातून झिरपते, आणि पाण्यातच केलेल्या तळाच्या सफाईचा वाटा जेमतेम ५ टक्के. म्हणून किनाऱ्यावरील धुण्याचे नियम कितीही काटेकोर असले तरी रंगाचा प्रश्न ते सोडवू शकत नाहीत. मात्र झिरपणाऱ्या तांब्याला पकडायची सोय नाही, आणि फरशीवरच्या पाण्याला आहे. जे हाती सापडते त्यालाच कायदा आवरतो, आणि मला तरी ही तडजोड अगदीच वाईट वाटत नाही.

या नियमांना दुसरेही प्रयोजन आहे. स्वीडनमध्ये लहान नौकांवरील कथिलाचा रंग १९८९ सालीच बंद झाला. तथापि तेथील अभ्यासकांनी जुन्या नौका तपासल्या, तेव्हा वरच्या नव्या थरांखाली तोच रंग अनेक ठिकाणी आढळला, आणि नौका उभ्या करण्याच्या आवारांतील मातीतही तो मुरलेला सापडला. मालक बदललेले, रंगाचे डबे केव्हाच फेकलेले. अशा वेळी खालच्या थरांत काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून क्ष-किरणांच्या आधारे धातू ओळखणारे, हातात मावणारे उपकरण तळाला टेकवून आधी कथिल व तांबे मोजण्याची, आणि मगच खरवडण्यास हात घालण्याची पद्धत तेथे रूढ होत आहे.