विडीची पारख

सिगारचे शौकीन तिची परीक्षा तीन कसोट्यांवर करतात: चव, जळण आणि बांधणी. आत भरलेली तंबाखू, तिला आवळून धरणारे मधले पान आणि बाहेरचे तलम वेष्टन, या तिघांचा मेळ जमला, म्हणजे सिगार सावकाश व सर्व बाजूंनी सारखी जळते आणि तिची राख चटकन झडत नाही. त्रिचनापल्लीच्या सिगारचा लौकिक एवढा होता, की 1887 साली प्रसिद्ध झालेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत तो नुसत्या राखेवरून ती ओळखतो.

मी राहतो त्या भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये सिगार क्वचितच दृष्टीस पडते. या मुलखाची वस्तू म्हणजे विडी. दुर्ग-राजनांदगावपासून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंतच्या रानांत तेंदूची झाडे आहेत. मराठीत आपण त्यांना टेंभुर्णी म्हणतो. उन्हाळ्याच्या तोंडी कोवळी पाने खुडून पन्नास-पन्नासांच्या जुड्या बांधतात आणि उन्हात वाळवतात. अशा हजार जुड्यांचे एक प्रमाण पोते होते. छत्तीसगड मध्य प्रदेशात होते तेव्हा, 1964 साली, तेथील सरकारने हा व्यापार आपल्या हाती घेतला.

सिगारच्या तिन्ही कसोट्या विडीलाही लागू पडतात. चव मुख्यतः तंबाखूची. निपाणीची आणि गुजरातेतील चरोतरची तंबाखू यासाठी प्रसिद्ध आहे, आणि कोणती किती मिसळावी हे कारखानदार ठरवितो. जळण पानावर व ओलाव्यावर अवलंबून असते. पान जाड, शिरांचे अथवा छिद्रांचे असेल, तर विडी एकीकडे भरभर पेटते, दुसरीकडे विझते. राहिली बांधणी. भिजवून मऊ केलेले पान साच्याच्या मापाने कातरावयाचे, त्यात चिमूटभर तंबाखू सारखी पसरावयाची, निमुळते वळावयाचे, तोंड दुमडावयाचे आणि दोरा बांधावयाचा. वळण सैल झाले तर तंबाखू गळते. फार घट्ट झाले तर झुरका ओढवत नाही. मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाईच्या बोटांना हे माप डोळ्यांआधी कळते.

येथे एक महत्त्वाचा फरक आहे. सिगारची पारख करणारा तिचा ग्राहक असतो. ती न आवडली तर त्याची संध्याकाळ तेवढी बिघडते. विडीची पारख प्रथम होते ती ठेकेदाराकडे, आणि तेथे नापास ठरलेली विडी म्हणजे ‘छाट’. मजुरी हजारी दराने मिळते, म्हणून छाट वाढली की त्या दिवसाची कमाई घटते. नाकारलेली विडीही ठेकेदारच ठेवून घेतो, ही कामगारांची जुनी तक्रार आहे. पाने खराब निघाली, तर हजाराची भरती करण्यासाठी पदरचे पैसे घालून पाने आणावी लागतात, ती वेगळीच.

वास्तविक तीन कसोट्यांपैकी बांधणी तेवढी त्या बाईच्या हातची. तंबाखू तिने निवडलेली नसते. पान तिला जसे मिळेल तसे घ्यावे लागते. दुसऱ्याच्या मालाचा दोष तिच्या मजुरीतून वसूल करणे ही पारख नव्हे. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने हे ओळखले होते. कच्चा माल आणि नाकारलेल्या विड्या यांविषयीचे तंटे सोडविण्याची त्यात तरतूद होती, आणि काही राज्यांच्या नियमांनी छाट सामान्यतः शेकडा पाचावर जाऊ नये, असे बंधन घातले. कारखानदारांनी कायद्याला आव्हान दिले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आलेल्या श्रमसंहितेने त्याची जागा घेतली. कायदा बदलला, तरी न्यायाचा प्रश्न तोच आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेंदूच्या पानातून हवा कमी खेळते, म्हणून विडी वारंवार विझू पाहते आणि ओढणारा अधिक झुरके घेतो. ती साधी म्हणून सौम्य, हा समज खोटा आहे. कर्करोग आणि फुप्फुसांचे विकार तिच्यामागेही येतात. तेव्हा विडी उत्तम वळली गेली याचे कौतुक वळणाऱ्या हाताचे. ओढण्याची शिफारस त्यातून निघत नाही.

भिलाईच्या कारखान्यात रुळाची परीक्षा ध्वनिलहरींनी होते, आणि दोष आढळला तर तो कोठे आहे हे यंत्र दाखविते. विडी पारखणाऱ्याच्या हाती असे यंत्र नाही. त्याच्यापाशी अंगठा, डोळा आणि सचोटी एवढेच आहे. दोष पानाचा, तंबाखूचा की हाताचा, हे त्याने आधी सांगावे आणि मगच विडी बाजूला टाकावी.