सुनावणीपूर्व लेखी प्रश्नावली आणि प्रतिपक्षाचा कायदेशीर युक्तिवाद : मर्यादांचे विवेचन

प्रस्तावना :
दिवाणी दाव्यात सुनावणीपूर्वी प्रतिपक्षास लेखी प्रश्न विचारण्याची तरतूद असते. न्यायालयात कोणताही पक्ष बेसावध पकडला जाऊ नये, हा तिचा हेतू होय. परंतु प्रतिपक्षाचा कायदेशीर युक्तिवादही अशा प्रश्नांद्वारे आधीच काढून घेता येईल काय? प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संघीय न्यायव्यवस्थेच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

नियम ३३ ची व्याप्ती :
संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांतील नियम ३३ मध्ये १९७० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार, वस्तुस्थितीविषयी किंवा वस्तुस्थितीला कायदा लागू करण्याविषयी पक्षकाराची भूमिका विचारली, एवढ्याच कारणाने प्रश्न आक्षेपार्ह ठरत नाही. उदाहरणार्थ, अपघातसमयी वाहनचालक मालकाच्या कामावर होता असे वादीचे म्हणणे आहे काय, असल्यास कोणत्या घटनांच्या आधारे, हे विचारता येते. मात्र नोकराच्या कृत्याबद्दल मालक केव्हा जबाबदार ठरतो, हा दाव्यातील घटनांशी संबंध नसलेला निव्वळ कायद्याचा प्रश्न होय. त्याचे उत्तर मागता येत नाही.

दुसरी मर्यादा काळाची आहे. पुरावा हाती येण्यापूर्वी मागितलेले उत्तर मोघमच राहते. म्हणून न्यायालय ते लांबणीवर टाकू शकते. तिसरी मर्यादा संख्येची आहे. १९९३ पासून, न्यायालयाची परवानगी किंवा उभयपक्षी संमती नसल्यास, उपप्रश्नांसह २५ प्रश्नच विचारता येतात.

वकिलाच्या विचारांना संरक्षण :
‘हिकमन विरुद्ध टेलर’ (१९४७) हा खटला १९४३ साली बुडालेल्या टगबोटीतून उद्भवला. वाचलेल्या खलाशांच्या मुलाखतींवरून प्रतिपक्षाच्या वकिलाने तयार केलेली टिपणे वादीने मागितली. सबळ गरज दाखविल्याविना ती देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. घटना लपविता येत नाहीत. परंतु वकिलाची टिपणे व डावपेच हे त्याच्या परिश्रमाचे फळ होय, ही या निर्णयामागील दृष्टी आहे.

भारतीय तरतूद :
भारतातील दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ११ नुसार प्रश्नावलीसाठी न्यायालयाची परवानगी लागते. उलटतपासणीत चालू शकणारा प्रश्नही दाव्यातील वादविषयाशी संबंधित नसेल, तर येथे असंबद्ध मानला जातो.

समारोप :
प्रश्नांना मुळीच वाव नसेल तर दुर्बल पक्षकार अंधारात राहतो. वाव अमर्याद असेल तर धनाढ्य पक्ष प्रश्नांच्या ओझ्याखाली त्यालाच दडपून टाकतो. म्हणून पक्षकाराने आपली भूमिका व तिचा घटनात्मक आधार उघड करावा, पण त्यामागील कायदेशीर चिंतन प्रतिपक्षाने स्वतःच करावे, ही विभागणी न्याय्य ठरते.