अटारीचे सरदार शामसिंग

अमृतसरहून लाहोरकडे जाताना सुमारे २५ किलोमीटरवर अटारी लागते. आज हे नाव वाघा सीमेशी जोडूनच घेतले जाते. एकोणिसाव्या शतकात मात्र अटारीची ओळख होती ती सिद्धू जाट शिखांच्या मातबर जहागीरदार घराण्यामुळे.

जहागीर म्हणजे गावांचा महसूल घेण्याचा हक्क. त्या बदल्यात सरदाराने घोडेस्वार बाळगायचे आणि बोलावणे येताच त्यांच्यासह रणात उतरायचे. मराठेशाहीतल्या सरंजामाशी ही रीत बरीच जुळते. याच घराण्यातल्या शामसिंगांचे वडील निहालसिंग हे महाराजा रणजितसिंगांच्या खास मर्जीतले. महाराजांचे दुखणे त्यांनी स्वतःवर ओढवून घेतले, अशी आख्यायिका आहे. पुढे मुलतान, काश्मीर, पेशावर या मोहिमांत शामसिंगांनी नाव कमावले.

मार्च १८३७ मध्ये शामसिंगांची कन्या नानकी हिचा विवाह महाराजांचे नातू नौनिहालसिंग यांच्याशी झाला. इंग्रजांचे सरसेनापती हेन्री फेन या सोहळ्याला आले होते. अटारीचे घराणे राजघराण्याचे व्याही झाले. पण हे वैभव फार टिकले नाही. १८३९ मध्ये रणजितसिंग वारले आणि ५ नोव्हेंबर १८४० रोजी, वडिलांचे अंत्यसंस्कार आटोपून परतताना, वेशीची कमान कोसळून नौनिहालसिंगही गेले. लाहोर दरबारात कट आणि खून यांचे सत्र सुरू झाले.

अशातच १८४५ च्या अखेरीस इंग्रजांशी युद्ध पेटले. १० फेब्रुवारी १८४६ रोजी सतलजकाठच्या सबराओंला निर्णायक लढाई झाली. शिखांचे सेनापती तेजसिंग पळून गेले. पाठीमागचा होड्यांचा पूल तुटला. पांढरी वस्त्रे ल्यालेले वृद्ध शामसिंग मात्र मागे हटले नाहीत. पराभव पाहण्यासाठी जिवंत परतायचे नाही, हा निश्चय त्यांनी आधीच केला होता आणि तो पाळला. सेवकांनी प्रेतांच्या खचातून त्यांचा देह शोधून अटारीला नेला. तो पोहोचण्याआधीच त्यांची पत्नी सती गेली होती, असे लेपेल ग्रिफिनने पंजाबच्या सरदारांवरील ग्रंथात नोंदवले आहे. सेनानायकांनीच दगा दिलेल्या त्या युद्धात शिखांची लाज राखली ती शामसिंगांसारख्यांनी.

घराण्याच्या दुसऱ्या शाखेचे छत्तरसिंग हे हजाऱ्याचे सुभेदार होते. त्यांच्या मुलीचा वाङ्‌निश्चय बालमहाराज दुलीपसिंगांशी झाला होता. इंग्रज अधिकारी ॲबट यांच्याशी बिनसल्यावर १८४८ मध्ये ते उठावात उतरले. त्यांचा मुलगा शेरसिंग याने १३ जानेवारी १८४९ रोजी चिलियांवाला येथे इंग्रजांना जबर तडाखा दिला. पण महिनाभराने गुजरातच्या (पंजाबातील) लढाईत सारे संपले. २९ मार्चला पंजाब खालसा झाला. पितापुत्र कैदेत गेले, जहागिरी जप्त झाल्या.

शामसिंगांची समाधी अटारीतच आहे. सीमेवरचा ध्वजसोहळा पाहायला महाराष्ट्रातूनही असंख्य लोक जातात. त्यांनी वाट थोडी वाकडी करून या समाधीपाशीही घटकाभर थांबावे. गावाच्या रेल्वे स्थानकाचे नावही ‘अटारी शामसिंग’ असेच आहे.