तरुणांमधील रक्तदाब, लवणसेवन आणि आपली औषधयोजना

रक्तदाब हा पन्नाशीनंतरचा विकार, ही समजूत आता चिकित्सालयातून हद्दपार झाली पाहिजे. पंचविशी-तिशीतील तरुण अजीर्ण, शिरःशूल वा निद्रानाश घेऊन येतो, आपण नाडी-जिव्हा पाहतो, औषध देतो. दंडावर पट्टा मात्र बांधतोच असे नाही. आमच्याकडूनही हे घडले आहे, आणि या लेखाचे निमित्तही तेच आहे.

हिंजवडीतील एका कंपनीत रात्रपाळी करणारा सत्तावीस वर्षांचा तरुण आमच्याकडे आध्मान व अरुचीच्या तक्रारीने आला. आम्ही त्यास लवणभास्कर चूर्ण तीन ग्रॅम, दिवसातून दोन वेळा, ताकासोबत दिले. बरे वाटल्याने त्याने ते आम्हांस न विचारता चार महिने चालू ठेवले. पुढे डोके जड होण्याची तक्रार घेऊन आला तेव्हा रक्तदाब १४६/९४ भरला. दुसऱ्या दिवशी, विश्रांतीनंतर, योग्य मापाचा पट्टा वापरूनही तो जवळपास तितकाच होता. आहाराची चौकशी करता त्याने अभिमानाने सांगितले, "डॉक्टर, घरात पांढरे मीठ बंद केले आहे, फक्त सैंधव वापरतो." सैंधव बाधत नाही या विश्वासाने तो ते सढळ हाताने घेत होता.

त्या रात्री आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. लवणभास्कराच्या शास्त्रोक्त पाठात सामुद्र लवण आठ भाग, सौवर्चल पाच, बिड दोन आणि सैंधव दोन, असे सतरा भाग लवण असून संपूर्ण योग सुमारे एक्केचाळीस भागांचा होतो. म्हणजे चूर्णाचा जवळजवळ चाळीस टक्के अंश लवणच होय. सहा ग्रॅम चूर्णातून सुमारे अडीच ग्रॅम लवण पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. तिच्यातील निम्मा वाटा आम्ही औषध म्हणून स्वतःच्या हाताने दिला होता! चारही लवणांचा गुणभेद शास्त्राने सांगितला आहे व तो आम्हांस मान्य आहे. परंतु रासायनिक दृष्ट्या ही सर्व प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच आहेत, आणि सोडियमपुरता विचार करता वृक्क त्यांत भेद करीत नाही.

सोडियम वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते व वृक्कांना अधिक दाबाने ते सोडियम बाहेर टाकावे लागते. दीर्घकाळ असे चालल्यास रक्तवाहिन्या ताठर होऊ लागतात. सर्वांना मीठ सारखेच बाधते असे नाही, म्हणूनच "आमचे आजोबा मूठभर मीठ खात" हा युक्तिवाद टिकत नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट पाहणीत ३२ देशांतील ५२ केंद्रांवर वीस ते एकोणसाठ वयाच्या दहा हजारांहून अधिक व्यक्ती तपासल्या गेल्या. अधिक सोडियम घेणाऱ्या समूहांत वयाबरोबर रक्तदाब अधिक चढत गेलेला आढळला. उलट ब्राझीलमधील यानोमामी लोकांत, जेथे मीठ जवळजवळ वापरलेच जात नाही, तेथे तो अतिशय कमी होता. ही चढण विशीतच सुरू होते, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण या तिघांचा अतियोग टाळावयास सांगितला आहे. दुधासोबतही लवण खाणाऱ्या बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधु-सौवीर प्रदेशांतील लोकांचे उदाहरणही दिले आहे. विधिशोणितीय अध्यायात रक्तदुष्टीच्या हेतूंत अतिलवण येते. मात्र या वचनांतून आधुनिक हायपरटेन्शन शोधून काढण्याचा खटाटोप आम्हांस पटत नाही. हेतू म्हणून ती पुरेशी स्पष्ट आहेत. सैंधव नित्यसेवनीय द्रव्यांत गणले गेले, तेही अतिमात्रेचा परवाना म्हणून नव्हे.

रुग्णाच्या लवणमात्रेचा अंदाज घेण्याची आमची पद्धत साधी आहे. घरात माणसे किती आणि मिठाची एक किलोची पिशवी किती दिवस पुरते, एवढेच विचारावे. चौघांच्या घरात ती महिन्यात संपत असेल तर दरडोई आठ ग्रॅमहून अधिक झाले. पाच ग्रॅमच्या हिशेबाने ती पन्नास दिवस पुरावयास हवी. काही मीठ वाया जाते हे खरे, पण वडापाव, फरसाण, पापड, लोणचे, वेफर्स व तयार नूडल्स यांतील मीठ या हिशेबात धरलेलेच नसते. मेसवर जेवणाऱ्या मुलांबाबत तर हा प्रश्नच निरुपयोगी; तेथे ताटातील पापड-लोणचे व संध्याकाळची टपरी विचारावी. वेष्टनावर सोडियमचे मिलिग्रॅम दिलेले असल्यास त्यास अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण मिळते.

औषधालयचालकांना विशेष विनंती. लवणभास्कर, शंखवटी यांसारखे लवणयुक्त योग रक्तदाबाच्या रुग्णास चिठ्ठीविना वारंवार देऊ नयेत. हिंग्वष्टकात आठ द्रव्यांपैकी एकच सैंधव असल्याने अल्पकाळासाठी ते तुलनेने सौम्य. फसफसणाऱ्या अम्लपित्तनाशक चूर्णांत व गोळ्यांत सोडियम बरेच असते. यष्टिमधु तर लवण नसूनही अधिक मात्रेत दीर्घकाळ दिल्यास सोडियम धरून ठेवतो, पोटॅशियम घटवतो आणि रक्तदाब वाढवतो. खोकल्यासाठी तो महिनोन्महिने चघळणारे गायक-शिक्षक आपल्या पाहण्यात असतीलच. पोटॅशियमयुक्त मीठ वृक्कविकारी वा पोटॅशियम वाढविणारी औषधे घेणाऱ्या रुग्णास देऊ नये. आणि सैंधव विकताना ते आयोडीनयुक्त आहे की नाही, हे ग्राहकास सांगावे, विशेषतः गर्भिणीस.

इतक्या तरुण वयात दाब वाढलेला आढळल्यास केवळ मिठावर बोट ठेवून थांबू नये. मूत्रपरीक्षण, क्रिएटिनिन, पोटॅशियम या तपासण्या कराव्यात व गरजेनुसार तज्ज्ञांकडे पाठवावे. चालू असलेली आधुनिक औषधे आपण परस्पर बंद करू नयेत. आमच्या त्या रुग्णाच्या तपासण्या निर्दोष आल्या. चूर्ण बंद केले, ताक बिनमिठाचे, जिरे-आले घालून सुरू ठेवले, पापड-लोणचे ताटातून गेले, रात्रपाळीतील फरसाणाऐवजी फळ आले. सहा आठवड्यांनी रक्तदाब १३२/८४ होता. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही. झोपेच्या वेळाही त्याने सुधारल्या होत्या. तो अजून दर महिन्यास येतो, आणि आता पट्टा आधी बांधला जातो, नाडी नंतर पाहिली जाते.